जिप्सीची रिले पेटी: प्रकल्प नोंदी

६ एप्रिल २०२५, रविवार

डॅशबोर्डखालचं जुनं वायरिंग आज सगळं उपसून काढलं. मारुती जिप्सी घेतली तेव्हाच तिच्यावर पुढचे फॉग लॅम्प, छतावरचा एलईडी बार, मागचा कामाचा दिवा आणि टायरमध्ये हवा भरायचा कंप्रेसर हे सगळं चढवलेलं होतं. ज्याने जे बसवलं त्याने आपली वायर जिथे पॉझिटिव्ह सापडला तिथे खुपसली. निळ्या टॅप क्लिपा, काळ्या टेपचे गोळे आणि पिळून जोडलेली टोकं. टेप उन्हाने वितळून चिकट झालेली, हात लावला की बोटं काळी. त्यात फॉग लॅम्पच्या वायरला फ्यूजच नव्हता.

काढण्याआधी मीटर लावून घेतला. इंजिन चालू, फॉग लॅम्प पेटवलेले: बॅटरीवर १३.९ व्होल्ट, दिव्यापाशी १२.४. म्हणजे दीड व्होल्ट वाटेतच गेला. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण तीन-साडेतीन घाताने बदलतो, त्यामुळे दहा-अकरा टक्के व्होल्टेज गेलं की उजेड जवळपास एक तृतीयांश कमी होतो. लोक म्हणतात ‘फॉग लॅम्प मंद आहेत, मोठे बल्ब टाक’. मोठा बल्ब टाकला की त्याच बारीक वायरमधून आणखी करंट ओढला जातो आणि वायर आणखी तापते.

जुन्या स्विचचं मागचं पातं मी जपून ठेवणार आहे. पितळी पातं मुळाशी जांभळं-काळं झालंय, प्लास्टिक त्याच्याभोवती चिखलासारखं खचलंय, आणि पात्यावर बसलेली क्लिप इतकी सैल की फुंकर मारली तर हलेल. आठ अँप या एवढ्याशा सैल जागेतून जात होते. आगीची सुरुवात अशाच जागी होते.

म्हणून ठरवलं: स्विचमधून फक्त इशारा जाईल, खरा करंट रिलेमधून. रिले म्हणजे आतल्या कॉइलला थोडासा करंट मिळाला की मोठा करंट जोडून देणारा स्विच. आणि या रिलेंची पेटी आखताना प्रत्येक वायरला एकच प्रश्न विचारायचा: ही तुटली, घासली किंवा भिजली तर काय होईल, आणि अंधारात पावसात उभ्या असलेल्या माणसाला ते दुरुस्त करता येईल का? स्विच किती, दिवे किती, हे त्यानंतर.

१३ एप्रिल, रविवार

कागदावर काम. आधी भार मोजला. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा) मित्राकडून आणला. साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतो, गाडीच्या कामाला तो निरुपयोगी. फॉग लॅम्प ५५ वॅटचे दोन, ८ अँप. एलईडी बार १२० वॅट, पावणेनऊ अँप. मागचा दिवा ३६ वॅट, अडीच अँपच्या वर. कंप्रेसर दाबाखाली २३ अँप. मागे छोट्या फ्रिजसाठी सॉकेट हवं, त्याला ५ अँप. एक मार्ग मोकळा. एकूण सहा रिले.

तंबूतला दिवा १० वॅटचा, एक अँपही नाही. त्याला रिले लावण्यात अर्थ नाही. स्वतंत्र फ्यूज, सरळ स्विचमधून, आणि तो थेट बॅटरीवर. ही अट बायकोची: ‘रात्री मुलीला बाहेर न्यायचं तर मी आधी किल्ली शोधत बसणार नाही.’ अट रास्त आहे. बाकी सगळे रिले किल्ली चालू असतानाच ओढले जातील. म्हणजे फ्रिजही किल्लीबरोबर बंद. बॅटरी एकच आहे आणि सकाळी तिने गाडी सुरू करून द्यायची आहे, फ्रिजसाठी बर्फाच्या पिशव्या आहेत.

रिलेच्या पायांचे आकडे सगळीकडे सारखेच, जर्मन डीआयएन पद्धतीचे: ३० वर बॅटरीकडून येणारा पॉझिटिव्ह, ८७ वरून वस्तूकडे, आणि ८५-८६ ही कॉइलची दोन टोकं. आता प्रश्न असा की स्विचने कॉइलचा निगेटिव्ह तोडायचा की पॉझिटिव्ह? खूप जण निगेटिव्ह तोडतात. त्यात डॅशबोर्डकडे जाणारी वायर घासून बॉडीला लागली तरी फ्यूज उडत नाही, हा फायदा सांगतात. पण तेव्हा होतं काय? कॉइलला निगेटिव्ह मिळतो आणि ती वस्तू आपोआप सुरू होते. कंप्रेसर स्विच न दाबता सुरू झालेला मला नको. मी पॉझिटिव्ह तोडणार. वायर घासली तर ३ अँपचा जांभळा फ्यूज उडेल आणि सगळं बंद पडेल. बंद पडलेली वस्तू शोधता येते.

त्या ३ अँपचा हिशेब: एका कॉइलला दीडशे मिलिअँपच्या आसपास, सहाही चालू केल्या तरी एक अँपच्या आत. गाडीच्या मूळ फ्यूज बॉक्समधून इग्निशनचा, म्हणजे किल्लीबरोबर चालू होणारा, एवढा छोटा करंटच घ्यायचा. मूळ वायरिंगला बाकी कुठेही हात नाही.

फ्यूज वायरच्या मापाने, वस्तूच्या नाही. फ्यूज दिवा वाचवत नाही, वायर वाचवतो. फॉग आणि बार अडीच एमएमवर (वायरचं माप चौरस मिलिमीटरमध्ये), १५ चा निळा. मागचा दिवा दीड एमएम, साडेसातचा तपकिरी. कंप्रेसर सहा एमएम, ३० चा हिरवा. पात्याच्या फ्यूजवर सलग करंट त्याच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा, २३ त्यात बसतात. फ्रिजचं सॉकेट १० च्या लाल फ्यूजवर, पण वायर चार एमएम, कारण अंतर चार मीटर आहे आणि फ्रिजच्या आतलं सर्किट व्होल्टेज पडलं की फ्रिज बंद करतं. चार एमएमवर ५ अँपला एका बाजूचा तोटा ०.०९ व्होल्ट येतो. चालेल.

विंच (अडकलेली गाडी ओढायचा रहाट) या पेटीत येणार नाही, आज नाही आणि पुढेही नाही. ती पूर्ण जोरात शेकडो अँप ओढते. तिचा सोलेनॉइड, म्हणजे मोठा रिले, वेगळा, केबल वेगळी.

बारबद्दल एक गोष्ट नक्की करून टाकली. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १११ नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय पुढे स्पॉटलाइट, सर्चलाइट लावू देत नाही. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत १२० वॅट मारणं हे नियम नसता तरी वाईटच. बार छतावरून उतरवला. तो आता सामानाच्या पेटीत राहील, रानात, खाजगी जागेवर गेल्यावर दोन नॉब फिरवून बसवायचा आणि प्लग जोडायचा.

१९ एप्रिल, शनिवार

खरेदी. लोहार चाळ रविवारी बंद, म्हणून शनिवारी सकाळीच विक्रोळीहून मशीद बंदर. वायरच्या दुकानात पहिल्यांदा घरगुती वायरच पुढे येते. ती ७० अंशांची पीव्हीसी, भिंतीतल्या पाइपसाठी चांगली. बॉनेटखाली मे महिन्यात वाहतुकीत अडकलेल्या गाडीत ती मऊ पडते, नंतर कडक होऊन तडकते. मला ऑटो केबल हवी होती, पातळ इन्सुलेशनची आणि १०५ अंशांची. दुकानदाराने दोन रिळं दाखवली. मी दोन्हींचं टोक सोलून तारा मोजल्या आणि नखाने खरवडल्या. एकीच्या तारा आतून पांढऱ्या निघाल्या, तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. दुसरी लाल तांब्याची, वरून कथील चढवलेली. समुद्राच्या हवेत कथील चढवलेलीच घ्यावी. साधं तांबं इन्सुलेशनच्या आत हातभर काळं पडत जातं आणि बाहेरून काही कळत नाही.

थिंबल (वायरच्या टोकावर दाबून बसवायची धातूची टोपी), तापवल्यावर आवळणारी गोंदवाली हीट श्रिंक नळी, केबल ग्लँड (वायर पेटीत शिरते तिथलं पाणी अडवणारं बूच), लवचीक पाइप तिथेच. स्क्रू, वॉशर आणि भोकाच्या कडेला बसवायचे रबरी ग्रोमेट नागदेवी स्ट्रीटला. लॅमिंग्टन रोडवरून रॉकर स्विच आणि आयपी६५ ची (धूळ आणि पाण्याचा फवारा आत न येणारी) पॉलिकार्बोनेट पेटी. रिले मुद्दाम चार पायांचे ४० अँपचे साधे घेतले, आत रेझिस्टर असलेले. कॉइल बंद होताना व्होल्टेजचा झटका उठतो, तो डायोडवाला रिले जास्त चांगला मारतो, पण तो सुटायला थोडा वेळ लावतो आणि त्या वेळेत संपर्काच्या टोकांवर ठिणगी रेंगाळते; शिवाय उलटा बसवला तर डायोड जळतो. हेच चार पायांचे रिले मोटारींच्या हॉर्नला लागतात, त्यामुळे कर्जत असो की मुरबाड, रस्त्यावरच्या कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या टपरीवर मिळतात. सुबक आणि लहान आकाराचे तयार बॉक्स मिळतात, सुंदर असतात, पण त्यांचे सुटे भाग खेड्यात मागून बघा.

२७ एप्रिल, रविवार

पेटी भरली. आत ३ मिमी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर सहा रिले बेस एका ओळीत, खाली फ्यूजची रांग, बाजूला सगळ्यांना करंट वाटणारी तांब्याची पट्टी, म्हणजे बस बार. रिलेचे पाय खाली तोंड करून, म्हणजे आत ओल आलीच तर ती पायांवर साचणार नाही. सगळ्या वायरी तळातून ग्लँडमधून बाहेर. वरच्या आणि बाजूच्या भिंतीला एकही भोक नाही.

कथलाचा डाग कुठेच दिला नाही, सगळं क्रिम्प, म्हणजे थिंबल वायरवर दाबून घट्ट केलेली. डाग दिला की कथील तारांमध्ये चढतं, तेवढा भाग सळईसारखा कडक होतो आणि गाडीच्या थरथरीने कडक भाग जिथे संपतो तिथेच वायर तुटते. चांगलं क्रिम्प कापून पाहिलं तर आत तारा वेगळ्या दिसत नाहीत, दाबून सलग धातू झालेला असतो. प्रत्येक मापाची एक नमुना क्रिम्प करून कापून पाहिली, मगच पुढचं काम.

पेटी पाण्यापासून वाचवायची तर ती हवाबंद करून भागत नाही. बॉनेटखाली ७० अंशांना तापलेली बंद पेटी ओढ्यात शिरून ३० अंशांवर आली की आतल्या हवेचा दाब सुमारे १२ टक्क्यांनी पडतो. म्हणजे सव्वा मीटर पाण्याच्या उंचीइतकी ओढ तयार होते आणि पेटी वायरींच्या फटीतून पाणी आत खेचून घेते. तळाला भोक पाडलं तर ओढा ओलांडताना तिथूनच पाणी शिरेल. उपाय म्हणजे ब्रीदर प्लग: रस्त्यावरच्या एलईडी दिव्यांना असतो तसा, पडद्यातून हवा जाते-येते, पाणी थांबतं. एम१२ आट्याचा एक प्लग बसवला. एवढ्या पेटीत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच.

१ मे, महाराष्ट्र दिन

सुट्टी. गॅलरीत जुनी बॅटरी, चार्जर आणि पेटी. कॉइल ८८ ओहम. म्हणजे १३.८ व्होल्टवर प्रत्येक कॉइल दोन वॅटच्या किंचित वर उष्णता देते, सहाही ओढले तर बंद पेटीत १३ वॅट. कंप्रेसरचे २३ अँप ज्या संपर्कातून जातात तिथे साधारण १ वॅट. उष्णतेचा मोठा वाटा कॉइलचाच. रिलेवरचे ४० अँप हे थंड हवेतले असतात. तापलेल्या बॉनेटखाली ते ३० धरायचे. म्हणून कंप्रेसर चालू असताना बाकीचं सगळं लागतच नाही ही गोष्ट सोयीची आहे.

तासभर चालवून झाकण उघडलं. कोमट. कुठेही वास नाही.

११ मे, रविवार

स्विचची पट्टी. जागा गिअरच्या पुढे, गुडघ्याच्या उंचीवर, डोळे रस्त्यावर ठेवून हात पोचेल अशी. क्रम वापरावरून: डावीकडे फॉग, मग मागचा दिवा, मध्ये एक रिकामी खाच, मग कंप्रेसर, फ्रिज आणि तंबू. रिकामी खाच बोटांना खूण देते. बारचा स्विच सगळ्यात उजवीकडे, लाल झाकणाखाली. झाकण उचलल्याशिवाय तो लागत नाही. गोट्यावरून गाडी उडते तेव्हा हात कुठेही आदळतो.

नावं मराठीत घातली. मुलीने आपल्या अक्षरात लिहिली, ती लेसरवाल्याकडून अ‍ॅक्रिलिकवर कोरून घेतली: पुढे, मागे, हवा, थंड, तंबू, बार.

परवापासून दुपारी गडगडतंय, दोनदा वळीव पडून गेला. छत कापडी आहे, त्यामुळे पट्टीच्या मागे रबराची चादर आणि वायरींना खाली झोळ. पाणी वायरीवरून ओघळलं तरी झोळाच्या तळाशी टपकेल, स्विचपर्यंत चढणार नाही.

१८ मे, रविवार

गाडीवर चढवली. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरावर ८० अँपचा मुख्य फ्यूज, तिथून १६ एमएमची केबल पेटीपर्यंत. हा फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितकं चांगलं, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तुकड्याला कोणीच राखणदार नसतो. त्या तुकड्यावर दुहेरी पाइप चढवला. अर्थिंगसाठी चासीवर रुपयाएवढा रंग खरवडून चकचकीत पत्रा काढला, दातेरी वॉशर, बोल्ट, वरून पेट्रोलियम जेली. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, म्हणजे फायरवॉलमधून, जाताना ग्रोमेट. पत्र्याच्या उघड्या कडेवरून एकही वायर जात नाही.

संध्याकाळी गाडी कुर्ल्याला सीएसटी रोडवर वायरिंगचं काम करणाऱ्या काकांना दाखवायला नेली. टॅक्सी, ट्रक, क्रेन सगळं केलेले. त्यांनी मीटर काढलाच नाही. एकेक वायर दोन बोटांत धरून खेचली.

‘क्रिम्प बरी आहे. पण हे सगळं काळ्या पाइपात. उद्या तू नसलास आणि माझ्यासारखा कोणी उघडून बसला, तर त्याला कळायचं कसं कुठली कुठे जाते?’

‘काका, रंग वेगळे ठेवलेत ना.’

‘रंग पाच वर्षांनी सगळे तपकिरी होतात बाळा. दोन्ही टोकांना नंबर घाल. आणि नकाशा पेटीतच ठेव, घरी कपाटात नको.’

घरी आल्यावर प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नंबराच्या पिवळ्या रिंगा ओवल्या. त्यासाठी कितीतरी टोकं पुन्हा काढावी लागली, पण काकांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. नकाशा लॅमिनेट करून झाकणाच्या आत चिकटवला: वर फ्यूजचे रंग, खाली रिलेचे नंबर, आणि शेवटी एक वाक्य, ‘काही पेटत नसेल तर आधी जांभळा फ्यूज बघा’. झाकणातच एक जादा रिले आणि प्रत्येक रंगाचा एक फ्यूज.

मोजमाप: इंजिन चालू, फॉग पेटवलेले. बॅटरी १३.९, दिव्यापाशी १३.६. तेच बल्ब, तेच दिवे. समोरच्या इमारतीच्या कुंपणावर पडणारा उजेड पिवळटचा पांढरा झाला, वॉचमन दादा उठून बघायला आले.

२४ मे, शनिवार

इंजिन तापवून बॉनेट उघडलं आणि थेट पेटीवर पाणी मारलं, आधी पाइपने, मग बादलीने. दहा मिनिटांनी उघडली. आत कोरडी. ग्लँडच्या बाहेरच्या कडेवर थेंब लटकलेले, आत एकही नाही.

२६ मे, सोमवार

मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाल्याचं हवामान खात्याने आज जाहीर केलं. नेहमीची तारीख ११ जून. इतक्या लवकर तो नोंदी ठेवायला लागल्यापासून आला नव्हता म्हणतात. मी काम ७ जूनपर्यंत संपवायचं धरून चाललो होतो, ते आधी उरकलं हे बरं झालं. येताना पूर्व द्रुतगती मार्गावर फॉग लॅम्प लावून आलो. पेटी घरी येऊन उघडली. झाकणाच्या आतल्या बाजूला हलकं धुकं धरलं होतं, अर्ध्या तासात ब्रीदरमधून उडून गेलं.

८ जून, रविवार

कर्जतजवळ मित्राच्या शेतावर. भाताच्या खाचराच्या कडेने चिखल मस्त तयार आहे. टायर २६ वरून १६ पीएसआयवर उतरवले, दिवसभर चिखल, संध्याकाळी कंप्रेसरने परत २६. एकेका चाकाला तीन-चार मिनिटं. चौथ्या चाकाच्या वेळी रिलेला हात लावून पाहिला: गरम, पण बोट ठेवता येतं. कंप्रेसर चालताना इंजिन आयडलवर सोडलं तर बॅटरी १२.९ वर येते, थोडा ॲक्सिलरेटर दिला की १३.७. म्हणजे हवा भरताना इंजिन हजार आरपीएमच्या वर ठेवायचं. हे वाक्य नकाशाच्या खाली लिहायचं आहे.

अंधार पडल्यावर मेव्हण्याची परीक्षा घेतली. त्याला वायरिंगचं काहीच येत नाही, म्हणूनच. मी गुपचूप फॉगचा रिले काढून खिशात घातला आणि म्हटलं, ‘भाऊ, पुढचे दिवे लागत नाहीत, बघ.’ पाऊस चालू होता. त्याने तोंडात टॉर्च धरून झाकण उघडलं, नकाशा वाचला, जांभळा फ्यूज बघितला, मग निळा, मग रिलेच्या ओळीत एक जागा रिकामी दिसली. झाकणातला जादा रिले काढून दाबला. दिवे लागले. मला एक शब्दही सांगावा लागला नाही.

एक बदल सुचला तो त्याच्याकडूनच: झाकणाचे चार स्क्रू ओल्या हाताने सुटत नाहीत. ते काढून अंगठ्याने फिरणारे मोठ्या डोक्याचे बसवायचे, आणि स्क्रू सुटून चिखलात पडू नयेत म्हणून त्यांना वॉशर अडकवून पेटीलाच धरून ठेवायचे.

सहावा मार्ग अजून मोकळा आहे. वायर मागच्या दारापर्यंत नेऊन टोक गोंदवाल्या स्लीव्हने बंद केलंय, दोन्ही बाजूंना ६ नंबरची रिंग आहे. फ्यूज मात्र लावलेला नाही. त्या टोकाला काही जोडलं जाईपर्यंत तो झाकणातच राहील.